एक ठोका आत, दोन बाहेर

१

आटपाट कारखाना होता. कारखान्याला उंच भिंत होती, भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, आणि शेवटून दुसऱ्या खोलीत एक ड्रायव्हर होता, त्याची बायको होती आणि त्याचा पाठचा भाऊ होता. बायको लग्न होऊन आली तेव्हा हा भाऊ सात वर्षांचा. आई नाही, नाक गळतंय, दोन्ही गुडघे फुटलेले. पहिल्याच दिवशी त्याने वहिनीचं बोट धरलं ते धरलंच. नळावर निघाली, बोट. दुकानात निघाली, बोट. शेजारणी म्हणायच्या, "शेंडेफळ आहे, चिकटणारच." शेंडेफळाचं झालं शेंड्या, आणि पुढे मिशा फुटल्या, बायको आली, मुलगी झाली, तरी तो शेंड्याच राहिला. त्याची बायको आली तेव्हा पहिली झाली थोरली आणि दुसरी झाली धाकटी.

ड्रायव्हर कारखान्याच्या आवारातलं डिझेल इंजिन चालवायचा. मोठ्या रेल्वेचं नव्हे हं. आवारातल्या आवारात मालाच्या वाघिणी पुढे ढकलायच्या, मागे ओढायच्या, एवढंच त्याचं काम. इंजिन ठेंगणं, रुंद, पिवळं, पुढे काळे पट्टे. भोंगा वाजवला की हंबरायचं म्हणून सगळे त्याला म्हैस म्हणायचे. शेंड्या म्हणायचा, "वहिनी, आमच्याकडे म्हैस वाघिणींना ढकलत नेते. जगात कुठे बघितलंय?"

शेंड्याचं काम वाघिणी जोडायचं. म्हैस आणि वाघीण यांच्या मधल्या फटीत वाकून शिरायचं, जड साखळी उचलायची, आकड्यात अडकवायची, बाहेर यायचं. आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून लोखंडी सळईने म्हशीच्या अंगावर ठोकायचा नियम होता. एक ठोका म्हणजे आत गेलो. दोन ठोके म्हणजे बाहेर आलो, चला. दोन ठोके ऐकल्याशिवाय चाक हलवायचं नाही, मग प्रत्यक्ष मालक समोर नाचला तरी.

एके दिवशी, बाराचा भोंगा व्हायच्या जरा आधी, ड्रायव्हरने एक ठोका ऐकला. मग दोन ऐकले. त्याने म्हैस हलवली.

शेंड्या आत होता.

चौकशी झाली. ड्रायव्हरने सांगितलं, दोन ठोके आले. रुळावरचा एक गडीही म्हणाला, मीही ऐकले. मग साहेबांनी लिहून टाकलं, की मयताने वेळ वाचवायला आतूनच ठोके दिले, चूक मयताची. मेलेला उठून थोडाच सांगणार, की नाही दिले म्हणून? ज्याची स्वतःची चूक, त्याच्या घरच्यांना खोली नाही, असाही एक नियम होता. महिन्याच्या आत धाकटीने गाठोडं बांधलं, पोर काखेला मारली. उंबऱ्यात थांबून तिने विचारलं, "जाऊबाई, एवढी घाई कसली हो झाली होती ह्यांना?"

थोरली खाली बघत राहिली. तिला उत्तर माहीत होतं. ते तिने गिळलं, आणि बावीस वर्षं ते पोटात तसंच राहिलं. ना पचलं, ना उलटलं.

२

ड्रायव्हर कामावरून निवृत्त झाला तोवर त्याचे कान म्हशीने खाल्ले होते. तोंडासमोर येऊन ओरडलं तर ऐकू यायचं, नाहीतर नाही. कारखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन दोघं राहत होती. मूलबाळ नव्हतं. जे होतं ते शेंड्याच.

एक दिवस ड्रायव्हरने तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले, कापले, चपटे केले आणि स्वयंपाकघरातलं एकुलतं एक टेबल अडवलं.

"हे काय मांडलंय?" थोरलीने ओरडून विचारलं.

"म्हैस."

"खरीने भागलं नाही, आता टेबलावर बांधणार? वैरण कोण घालणार?"

एरवी तो हसला असता. हसला नाही. कानस उचलली आणि घासायला लागला.

चार महिने तो घासत होता. हातभर लांबीची म्हैस तयार झाली. पुढे लांबट नाक, मागे ड्रायव्हरची खोली, तिला दोन्ही बाजूंना दारं, दारांखाली लोखंडी पायऱ्या. ओळखीच्या लेथवाल्याने चाकं करून दिली. चाकांना जोडणारे दांडे खऱ्यासारखे कोपरातून हलायचे. मग एक वाघीण केली. पट्टीचे रूळ फळीवर ठोकले. साखळीसाठी थोरलीच्या तुटक्या गळ्यातल्याचे चार दुवे घेतले. खऱ्या म्हशीच्या नाकावर उजवीकडे होता तो पोचासुद्धा त्याने हातोडीने जिथल्या तिथे मारला. बघताना वाटायचं, मोठी म्हैसच कुठेतरी लांब उभी आहे आणि आपण खिडकीतून बघतोय.

"माणसं नाही केलीत?" तिने विचारलं.

"माणसं नाही करायची," तो म्हणाला.

वाघीण म्हशीमागे उभी केली, पण साखळी त्याने आकड्यात घातली नाही. मध्ये बोटभर फट ठेवली.

३

ड्रायव्हर लेथवाल्याकडे गेला होता. थोरली भांडी पुसत होती. ऊन टेबलावर आलं होतं. कारखान्याचा बाराचा भोंगा व्हायचाच होता, आणि मागून आवाज आला.

टक्.

पत्रा आहे, तिने मनाला सांगितलं. उन्हाने तापला, फुगला, बोलला. आपल्या छपराचा नाही का बोलत? मग भोंगा झाला आणि ती विसरली.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं. ऊन नव्हतंच. भोंग्याच्या आधी, टक्.

उंदीर असेल. तिने टेबलाखाली बघितलं, फळी उचलली, म्हैस उलटी करून हलवली. काही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीला मुद्दाम बोलावून बसवली. शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. टक् झालं. थोरलीने तिच्याकडे बघितलं. शेजारणीचं तोंड थांबलं नाही, पापणीसुद्धा हलली नाही.

चौथ्या दिवशी तिने फळीसकट सगळं कपाटात ठेवलं, वर दोन गोधड्या दाबल्या. ठोका कपाटातून आला. गोधडीतून यावा तसा दबका नाही. स्वच्छ, लोखंडावर लोखंड. आणि लांबून, जसा आवाराच्या त्या टोकाकडून यायचा तसा.

ठोक्याचं तिला भय नव्हतं. भय त्याच्यानंतरचं होतं. एक ठोका झाला की तिचे कान टवकारायचे, छाती थांबायची, आणि ती दोनाची वाट बघायची. दोन यायचेच नाहीत. रोज कोणीतरी आत जात होतं आणि बाहेर येत नव्हतं.

मग तिने सगळं पुन्हा टेबलावर मांडलं आणि ती फट बुजवायची ठरवली. म्हैस सरकवली, वाघिणीला चिकटवली, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. सकाळी बघते तो पुन्हा बोटभर फट. टेबल उतरतं असेल म्हणून तिने फळीवर गोटी ठेवली. गोटी घरंगळली ती वाघिणीकडे. म्हणजे म्हैस सरकायची तर वाघिणीकडे सरकायला हवी होती. ती उलटी, चढावर लांब गेली होती. आत कोणाला तरी उभं राहायला जागा करून दिल्यासारखी.

"अहो, रात्री तुम्ही म्हशीला हात लावलात?"

"कशाला लावू? कालच रंग दिलाय, ओला आहे."

तिने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. पिवळी होती.

४

रंग वाळला त्या सकाळी ड्रायव्हरने तिला टेबलापाशी बसवलं. स्वतः समोरच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तुला एक सांगायचंय. चौकशीत मी खोटं बोललो नाही. पण सगळं बोललो नाही."

थोरलीने मान वर केली.

"शेंड्या उजव्या अंगाने आत गेला होता. मी बघितला. आणि ते दोन ठोके मला डाव्या हाताला ऐकू आले. त्या साहेबाने मला किती ठोके आले ते विचारलं. कुठून आले ते विचारलंच नाही. बावीस वर्षं हा किडा डोक्यात वळवळतोय. म्हणून ही केली." त्याने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "हिच्या प्रत्येक अंगाचा आवाज वेगळा आहे. पण ऐकायला आता मला कान नाहीत. मी ठोकतो. तू डोळे मीट आणि सांग, त्याच्या सळईसारखा कुठला वाटतो आणि वेगळा कुठला."

सळई नव्हती, म्हणून त्याने मांडणीवरचा चमचा घेतला. नेमका चमचाच.

तिने डोळे मिटले. त्याने पुढच्या दांड्यावर ठोकलं, आवाज भरीव आला. वाघिणीवर ठोकलं, पोकळ आला. मग दाराखालच्या डाव्या पायरीवर. टक् टक्.

तो आवाज थोरलीने ओळखला.

अपघाताच्या दिवशी सकाळी शेंड्या डबा विसरून गेला होता. ती चिडली होती. चुलीवर दूध ठेवलं होतं, ते तसंच ठेवून ती डबा आणि चमचा घेऊन धावत आवारात गेली. म्हशीच्या डाव्या पायरीवर डबा ठेवला. त्यांच्या घरात जेवायला हाक मारायची पद्धत नव्हती. म्हशीने तेव्हाच ड्रायव्हरचे कान अर्धे खाल्ले होते, म्हणून थोरली झाकणावर चमचा दोनदा वाजवायची, की दोघं भाऊ येऊन बसायचे. हाताला लागलेलं वळण. तिने चमच्याने झाकणावर दोनदा वाजवलं आणि पाठ फिरवली. दूध उतू जाईल म्हणून वरही बघितलं नाही. दहा पावलं गेली असेल, मागे म्हैस हंबरली.

मग सगळे धावत होते. त्या गर्दीत तिने डबा उचलला, पिशवीत घातला, घरी नेला. दूध उतू गेलंच होतं.

"काय गं? कुठला?" ड्रायव्हर विचारत होता.

तिने डोळे उघडले. "सगळे सारखेच वाटतात."

"सारखे कसे असतील?"

"माझेही कान आता म्हातारे झाले."

त्याने चमचा खाली ठेवला. तोंड पुसलेल्या पाटीसारखं झालं. "म्हणजे आवाज नव्हताच. माझ्या मनाने ऐकला. मीच मारला त्याला." आणि तो उठून दारात जाऊन बसला, ते थेट दिवे लागेपर्यंत.

तेव्हा बोलायला हवं होतं. जीभ उचलायला कितीसा जोर लागतो? पण बावीस वर्षांचं ओझं जिभेवर होतं, आणि ती नाही उचलली.

५

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर न जेवता बाहेर पडला. थोरली टेबलासमोर बसून राहिली. आज टाळायचं नाही, बघायचं, असं तिने ठरवलं होतं.

टक्.

ती वाकली. गाल फळीला टेकवला, एक डोळा मिटला आणि रुळांच्या उंचीवरून त्या फटीत बघितलं.

टेबलावर लख्ख ऊन होतं. फटीत नव्हतं. तिथे सावली होती, आणि ती बोटभर जागेत मावेल एवढी नव्हती. आत खोल होतं. ग्रीसचा वास आला. आणि तिथे कोणाची तरी पाठ होती. वाकलेली, निळा सदरा, उजव्या खांद्यावर चौकोनी ठिगळ. पाठ तांदळाएवढी होती की माणसाएवढी, सांगता येईना. जवळची असून ती लांब दिसत होती. पण ठिगळाचे टाके थोरलीने ओळखले. तिचेच होते. एका कोपऱ्यात दोरा संपला होता म्हणून काळा घातलेला.

पाठ हलत नव्हती. साखळी धरून वाट बघत होती.

थोरलीने विचार केला नाही. केला असता तर धजलीच नसती. तिने फटीत बोट घातलं.

कोणीतरी ते धरलं.

मोठ्या माणसाच्या हाताने नव्हे. लहान, ओलसर, गरम मुठीने, नळावर जाताना धरतात तसं, घट्ट.

"शेंड्या," ती म्हणाली. मूठ आणखी आवळली. बोट दुखायला लागलं. "सांगते रे. सांगते. सगळ्यांना सांगते."

भोंगा झाला. बोट मोकळं झालं. पेरावर काळं ग्रीस लागलं होतं, आणि ड्रायव्हरने त्या म्हशीला ग्रीस कधीच घातलं नव्हतं. शिवणयंत्राचं तेल घालायचा.

६

ड्रायव्हर परतला तेव्हा टेबलावर एक जुना डबा होता. माळ्यावरून काढलेला, बावीस वर्षांचा गंजलेला. थोरलीने काही न बोलता तो म्हशीच्या डाव्या पायरीपाशी ठेवला, चमचा घेतला आणि झाकणावर दोनदा वाजवला.

त्याला ऐकू आलं नाही. पण दिसलं.

तो स्टुलावर बसला. आधी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तू?"

"मी. विसरला होता तो. दूध होतं चुलीवर. मी वर बघितलंच नाही हो."

तिला वाटलं, आता हा मारेल, नाहीतर घराबाहेर काढेल. काहीही चाललं असतं.

"डावीकडेच होता ना आवाज?" त्याने विचारलं.

"डावीकडेच."

"म्हणजे होता." आणि म्हातारा हातांत तोंड घालून रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "काल का नाही बोललीस? कालच्या एका दिवसात मी जिवाचं काय काय करून घेतलं असतं, ठाऊक आहे?" हे एक वाक्य तिला जन्मभर पुरलं.

दोघं बसने धाकटीच्या गावी गेली. धाकटी कपड्यांना इस्त्री करायचं दुकान चालवायची. थोरलीने उभ्याउभ्याच सांगितलं. धाकटीची इस्त्री फिरता फिरता थांबली, आणि खालचा शर्ट जळायला लागला तरी तिने ती उचलली नाही.

"बावीस वर्षं मी त्यांच्या फोटोशी भांडतेय," ती शेवटी म्हणाली. "माठ्या, घाई कसली होती, असं म्हणत. पोरीलाही हेच शिकवलं, बाप निष्काळजी होता तुझा, तू नीट वाग. आणि तो बिचारा नियमाने वागत होता." तिने इस्त्री उचलली. शर्टावर तिचा काळा ठसा उमटला होता. "भाऊजी, तुम्ही बसा, पाणी घ्या. जाऊबाई, तुम्ही निघा."

थोरली बाहेर, रस्त्यात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाराला ठोका आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एकही नाही आणि दोनही नाहीत. फट तेवढीच राहिली. थोरली रोज बोट घालून बघायची. आत नुसता पत्रा, गार.

७

ड्रायव्हरने कारखान्यात जाऊन सगळं लिहून दिलं. जुने साहेब कधीचेच गेले होते. नवीन बाई होती, तिने दोनदा वाचून घेतलं. पुढल्या महिन्यात फाटकावरच्या फळ्यावर, कामावर असताना गेलेल्यांच्या नावांत, शेवटी एक ओळ वाढली. नवा पांढरा रंग असल्याने ती सगळ्यांत ठळक दिसायची. ड्रायव्हर रोज तिथवर चालत जायचा आणि वाचून यायचा.

चार महिन्यांनी दारात धाकटी उभी राहिली. एका हातात ट्रंक, मागे लेक, पोट नाकापर्यंत आलेली.

"राग गेलेला नाही," धाकटी म्हणाली. "जाणारही नाही. पण हिचे दिवस भरलेत, जावई गाडी घेऊन महिना महिना बाहेर, आणि मला एकटीला झेपत नाही. इथे दोन बायका होतील."

"तीन," थोरली म्हणाली. "ह्यांना धरून. काही ऐकू येत नाही, पण भांडी छान घासतात."

धाकटी हसली नाही. पण ट्रंक आत ठेवली.

मुलगी झाली. टपोरी, सावळी, आणि मुठी कायम वळलेल्या. दहा दिवसांची असताना तिने थोरलीचं बोट धरलं, आणि थोरली जागच्या जागी थिजली. ती मूठ ती ओळखत होती. कुणाला बोलली नाही. आता मात्र पोटात ठेवायला हे तिला जड गेलं नाही.

पोरगी दीड वर्षाची झाली. ड्रायव्हरला तोवर ठार ऐकू येईना. कानाशी भांडं पडलं तरी पत्ता नसे. एका दुपारी तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. धाकटी वाढत होती, लेक पाणी भरत होती. पोरगी एका हाताने थोरलीचं बोट धरून लुटुलुटु टेबलापर्यंत गेली, टाचा उंचावल्या, हाताला लागला तो चमचा घेतला आणि म्हशीच्या उजव्या अंगावर ठोकला.

टक् टक्.

भोंगा व्हायचा होता.

खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वळवली.

"आला का बाहेर?" त्याने विचारलं.

धाकटीच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. थोरलीने टेबलाकडे बघितलं. फट नव्हती. वाघीण म्हशीला टेकली होती, आणि तिच्या तुटक्या गळ्यातल्याचे चार दुवे आकड्यात नीट अडकलेले होते.

"आला," ती म्हणाली, आणि त्याला दिसावं म्हणून मान हलवली.

धाकटीने पुढे येऊन त्या अडकलेल्या साखळीवरून बोट फिरवलं. मग तिने डोळे पुसले, डाव उचलला, आणि शेंड्या गेल्यापासून त्या घरात जेवायला कुणी वाजवलं नव्हतं तसं, पातेल्याच्या झाकणावर दोनदा वाजवलं. "या," ती म्हणाली. "जाऊबाई, तुम्हीसुद्धा."

पाच ताटं मांडली. पोरगी थोरलीच्या मांडीवर बसली, बोट धरून, आणि थोरली डाव्या हाताने जेवली. असं ते तुटलेलं घर जोडलं गेलं. पुढे त्या घरात जेवायला रोज दोन ठोके वाजत गेले, आणि दोन ऐकले की सगळे येत गेले.